वाचनालयासाठी मोबाईलवर पैसे भरून जाहिरात : प्रकल्प नोंदी (गुहागर तालुका, एप्रिल ते सप्टेंबर २०२५)

२० एप्रिल, रविवार

कार्यकारिणीची सभा. रजिस्टरात ४१२ सभासद, वर्गणी चालू असलेले २३३. गेल्या वर्षी नवे आले ११, त्यातले दोघे ग्रंथपालबाईंचे भाचे. वर्गणी महिना ३० रुपये, अनामत २००. आजवर आमची जाहिरात म्हणजे वर्धापनदिनाची हस्तपत्रकं आणि रिक्षाला बांधलेला कर्णा. पत्रकांत लोक वडापाव गुंडाळतात, हे मी स्वतः पाहिलंय.

मी म्हटलं, फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करून बघू. अर्धा तास चर्चा. शेवटी अध्यक्ष गुरुजी म्हणाले, "करा. पण हिशेब रुपयाचा लागेल, आणि लेखी लागेल." १२,००० मंजूर. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान, त्यामुळे काम आपोआप माझ्या गळ्यात. ही वही त्या हिशेबासाठी, आणि दुसऱ्या गावच्या वाचनालयाने हेच करायचं ठरवलं तर त्यांच्यासाठी.

घरी येऊन लक्षात आलं की जीएसटी कोणी धरलाच नव्हता. जाहिरातीवर १८ टक्के. म्हणजे १२,००० मंजूर झाले तरी जाहिरातीला प्रत्यक्ष १०,१६९. गुरुजींना रात्रीच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, पहिली चूक घरातच सापडली."

२४ एप्रिल

चार दिवस फुकट गेले. वाचनालयाचं फेसबुक पान आहे, पण ते काढलं होतं एका जुन्या सदस्याच्या मुलाने. तो आता दुबईला. पानाचा सगळा ताबा त्याच्याच खात्यावर, दुसरा अॅडमिन नाही. त्याचा नंबर मिळवायला दोन दिवस, त्याला सवड मिळायला दोन. बिचाऱ्याने रात्री एकला बसून मला अॅडमिन केलं. मी लगेच ग्रंथपालबाईंनाही करून टाकलं. दोन माणसांकडे ताबा असल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

२७ एप्रिल

वर्धापनदिनाच्या फोटोखाली निळं बटण होतं, 'बूस्ट पोस्ट'. दाबलं. १,५०० रुपये, सात दिवस. ठिकाण महाराष्ट्र, आवड 'वाचन'. पाच मिनिटांत काम झालं. एवढं सोपं असेल तर लोक या कामाचे पैसे कशाला घेतात, असं वाटलं.

४ मे

लोक त्यासाठी पैसे का घेतात ते कळलं.

६४० लाईक, ३१ कमेंट. नागपूर, सोलापूर, नांदेड. "स्तुत्य उपक्रम." "पीडीएफ मिळेल का?" हा प्रश्न चौघांनी विचारला. एकाने गुरुजींच्या फोटोला हार घातलेला बघून "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. तो सत्काराचा हार होता. गुरुजींनी स्वतः खाली उत्तर दिलं, "अजून आहे."

सभासद शून्य. त्या बटणाला आपण जे मागतो तेच ते देतं. मी लाईक मागितले होते, लाईक मिळाले.

खर्च १,५००.

९ मे

पुण्याच्या भाच्याने फोनवर दीड तास बसवून अॅड्स मॅनेजर, म्हणजे फेसबुकवर जाहिराती बसवायची जागा, शिकवलं. तिथे आधी उद्देश निवडायचा असतो. मी 'लीड्स' घेतलं, म्हणजे जाहिरातीवर बोट ठेवलं की फेसबुकमध्येच छोटा फॉर्म उघडतो. नाव आणि नंबर आधीच भरलेले, माणसाने फक्त 'पाठवा' दाबायचं. लीडला गुरुजी 'नावं' म्हणतात. मीही यापुढे तेच लिहिते.

ठिकाण : गुहागरभोवती ४० किलोमीटरचं वर्तुळ. रोज ४००, पाच दिवस. पोस्टर दुकानातच केलं. संस्थापकांचा फोटो, स्थापनेचं वर्ष, १४ ओळी मजकूर, वर 'सुवर्णसंधी!!'

१४ मे

६१ नावं! नावामागे ३३ रुपयेसुद्धा नाहीत. कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकलं, गुरुजींनी पेढे आणले. मीही दोन खाल्ले.

२३ मे

पेढे अंगाशी आले.

मला वाटत होतं नावं ईमेलवर येतील. येत नाहीत. पानाच्या आत एका कोपऱ्यात जमतात, तिथून फाईल उतरवून घ्यावी लागते, आणि तीही ९० दिवसांपर्यंतच मिळते. मी नऊ दिवस तिकडे फिरकले नाही. बहाणा नाही, पण कारण लिहिते. दहावीचा निकाल १३ मेला लागला, अकरावीचे प्रवेश यंदा पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाईन, आणि अख्ख्या पंचक्रोशीतले पालक माझ्या दुकानात. त्यात पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला. दोन दिवस वीज नाही, मग टॉवर बंद.

आज आणि काल बसून सगळ्या ६१ जणांना फोन केले. १६ नंबर लागलेच नाहीत. फॉर्ममध्ये आपोआप भरलेला नंबर म्हणजे त्या माणसाने कधी काळी खातं काढताना दिलेला, अर्धे तर बंद पडलेले. लागले ४५. त्यांचा हिशेब असा :

चिपळूण आणि आसपास १९. दाभोळ-दापोली ८. जयगड बाजू २. पर्यटक आणि सुट्टीला आलेले चाकरमानी ९. आमच्या तालुक्यातले, आमच्यापर्यंत खरंच येऊ शकतील असे, ७.

त्या सातांपैकी दोघे सभासद झाले.

"मी फॉर्म भरला? कधी?" हे वाक्य मी किमान वीसदा ऐकलं. चिपळूणच्या एका काकांनी मला छान झापलं. "ताई, आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २०२१च्या पुरातून पुन्हा उभं केलं आम्ही. ते सोडून पंचेचाळीस किलोमीटर तुमच्याकडे येऊ?" मी माफी मागितली. त्यांनी उलट आमच्याकडे कोणते जुने अंक आहेत ते विचारून घेतलं.

खर्च २,३६०. एका सभासदामागे १,१८०. म्हणजे त्याच्या तीन वर्षांच्या वर्गणीपेक्षाही जास्त.

२ जून

आज दुकान बंद ठेवून नुसता नकाशा बघत बसले. ज्यांचं गाव किनाऱ्यावर आहे त्यांनी हे जरा सावकाश वाचावं.

किनाऱ्यावरच्या गावाभोवती वर्तुळ काढलं की अर्धं समुद्रात पडतं. त्याचे पैसे लागत नाहीत, मासे फेसबुक बघत नाहीत. पण पडद्यावर वर्तुळ भरगच्च दिसतं आणि आपण ते आणखी फुगवतो. मी ४० वर गेले ती त्यामुळेच.

उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी. नकाशावर दाभोळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. प्रत्यक्षात धोपाव्याला जा, फेरीबोट पकडा, उतरा. तीन पुस्तकं बदलायला कोण करेल? तवसाळ-जयगडचंही तेच. वर्तुळाला खाडी कळत नाही. ते सरळ रेषेत मोजतं, आणि कोकणात सरळ रेषेत फक्त कावळा जातो.

पूर्वेला चिपळूण. तिथे माणसं जास्त, मोबाईल जास्त, म्हणून जाहिरातीचा बहुतेक पैसा आपसूक तिकडे वाहिला. मी त्याला अडवलंच नव्हतं.

चौथी गोष्ट भाच्याने सांगितली आणि मी कपाळावर हात मारला. फेसबुकमध्ये 'या ठिकाणी राहणारे' असं वेगळं निवडता येत नाही. राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले, दोघेही एकाच पेटीत. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर कोण असतं? पुण्याच्या गाड्या आणि मुंबईचे चाकरमानी. माझी जाहिरात त्यांना गेली. एका मुलीने तर फोनवर विचारलं, "ताई, रूम आहे का? एसी?"

ठरवलेले बदल :

नाव टाइप करून गाव निवडलं तर वर्तुळ १७ किलोमीटरच्या खाली येत नाही. नकाशावर टाचणी टोचली तर १ किलोमीटरपर्यंत येतं. म्हणून टाचण्याच. आमचं गाव, गुहागर, पालशेत, शृंगारतळी, प्रत्येकी ३ ते ५ किलोमीटर. चिपळूणला वगळण्याची टाचणी वेगळी.

शाळा सुरू होईपर्यंत जाहिरात बंद. तोवर पाहुणे गेलेले असतील.

फॉर्म 'मोअर व्हॉल्यूम' नाही, 'हायर इन्टेन्ट'. त्यात पाठवण्याआधी भरलेलं एकदा दाखवतात. वर दोन प्रश्न हाताने लिहायचे : कोणत्या गावातून याल, आणि चालू मोबाईल नंबर.

पोस्टरवरून 'सुवर्णसंधी' काढली. संस्थापकांचा फोटोही काढला. त्यावर गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

१३ जून

मधल्या रिकाम्या दिवसांत गूगल करून बघितलं. आधी फुकटचं काम : गूगल मॅप्सवर वाचनालयाची टाचणी भलत्याच गल्लीत होती, ती उचलून जागेवर आणली, वेळ आणि फोन टाकला. हे दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

मग १,००० रुपयांची शोध-जाहिरात, रोजचे १००. एका दिवशी गूगलने १९० खर्च केले. घाबरून भाच्याला फोन. तो म्हणाला, एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जातं, महिन्याचा हिशेब ते सांभाळतात.

तीन दिवसांनी लोकांनी काय शोधलं होतं याची यादी उघडली आणि हसावं की रडावं कळेना. 'गुहागर रूम', 'गुहागर बीच हॉटेल', 'दाभोळ फेरी टायमिंग'. शब्द मी दिले होते 'गुहागर वाचनालय', पण जुळणी ढिली ठेवली होती, म्हणून गुहागर दिसलं की जाहिरात दिसली. शिवाय ठिकाणाच्या रकान्यात मुळातच 'तिथे असलेले किंवा तिथल्यात रस असलेले' असं धरलेलं असतं. रस तर अख्ख्या मुंबईला आहे. ते बदलून 'तिथे असलेले' केलं. रूम, हॉटेल, बीच, फेरी, रिसॉर्ट हे शब्द वगळले.

उरलेल्या पैशांत एक अनपेक्षित गोष्ट सापडली. 'अभ्यासिका' हा शब्द. आमच्या माडीवर अभ्यासिका आहे, सहा टेबलं, पंखा आहे, पाणी आहे. ती आहे हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं, कारण आम्हाला ती जाहिरात करण्यासारखी वाटलीच नव्हती. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी चार मुलं याच शब्दावरून आली. चौघेही सभासद झाले. सकाळी सातला उघडाल का, असं विचारतात. ग्रंथपालबाई म्हणाल्या, किल्ली त्यांच्याकडेच देऊन टाका.

खर्च १,०००. सभासद ४.

१६ जून, शाळा सुरू

टाचण्यांची जाहिरात आजपासून. रोज १५०, दहा दिवस.

२० जून

आकडे घसरले. कारण मीच. रोज संध्याकाळी दुकान आवरलं की सेटिंगला हात लावत होते. कधी वय बदल, कधी भाषा. जाहिरात कोणाला दाखवायची याचं फेसबुकचं शिकणं प्रत्येक मोठ्या बदलानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ते नीट शिकायला आठवड्याला साधारण ५० नावं लागतात. आमच्या बजेटात ती कधीच येणार नाहीत, पण निदान रोजरोज उपटून रोप जगलंय का ते बघू नये.

तीन बदल मात्र केलेच पाहिजेत असे निघाले :

भाषा मराठी निवडली होती. लोक अर्ध्याच्या खाली आले. इथे प्रत्येकजण मराठी बोलतो, पण मोबाईल आणि त्यातलं फेसबुक इंग्रजीत असतं, आणि जाहिरात तीच भाषा बघते. भाषेची अट काढली.

फक्त बायका, वय २५ ते ५५ असंही ठेवलं होतं, कारण कथा-कादंबऱ्या नेणाऱ्या बहुतेक बायकाच. तेही काढलं. आमच्याकडे घरातला चांगला मोबाईल नवऱ्याच्या नावावर असतो, आणि बायकांची खाती मुलांनी उघडून दिलेली, त्यात जन्मतारीख काय वाटेल ती. एका वहिनींचं वय फेसबुकवर १०४ आहे.

'वाचन' ही आवडही काढली. चार गावांत त्या आवडीची माणसं फेसबुकला सापडतच नव्हती. गावात कोण वाचतं हे ग्रंथपालबाईंना कळतं, फेसबुकला नाही.

मग हात आवरला.

२६ जून

२३ नावं, नावामागे ६५ रुपये. आधीच्या दुप्पट महाग. कार्यकारिणीतल्या एकाने लगेच विचारलं, "महाग का झालं?" पण या वेळी नंबर बंद निघाला एकच. आणि फोन त्याच संध्याकाळी. दुकानात कॉम्प्युटरवर चिठ्ठी लावलीय : 'सात वाजता नावं'.

२३पैकी ८ सभासद. खर्च १,७७०, माणशी २२१.

फोनवर आणखी एक कळलं. फॉर्मवर नाव पुरुषाचं, पण फोन उचलून तो म्हणतो, "थांबा हं, हिच्याकडे देतो." आठपैकी पाच वेळा हेच. आता मी नाव वाचून 'दादा' म्हणत नाही, "घरात पुस्तकं कोणाला हवीत?" असंच विचारते.

नाही म्हणणाऱ्यांचं कारण मात्र जवळजवळ एकच. यायचं कसं? शृंगारतळीच्या बाईला पावसात एसटीने येऊन पुस्तक बदलायला अर्धा दिवस लागतो. जाहिरातीत कितीही बदल केले तरी हे सुटणार नाही.

१ जुलै, कार्यकारिणी

दोन विषय.

एक, पिशवी. शृंगारतळीतल्या एका किराणा दुकानदाराने होकार दिला. आमचा शिपाई दर मंगळवारी कापडी पिशव्या तिथे ठेवणार, जुन्या घेऊन येणार. एका पिशवीत तीन पुस्तकं, पंधरा दिवसांसाठी. पेट्रोलसाठी महिना ४००, जाहिरातीच्या खात्यातून नाही. दुकानदाराने मोबदला घेतला नाही. म्हणाला, पिशवी न्यायला आलेली बाई रिकामी जात नाही.

दोन, गुरुजींना कुणीतरी सांगितलं की सभासदांचे नंबर फेसबुकला दिले तर ते तशीच माणसं शोधून देतं. खरं आहे. त्यासाठी किमान शंभर माणसं जुळावी लागतात, आमच्याकडे चारशे आहेत. मी नको म्हटलं. सभासदाने नंबर दिला तो 'पुस्तक परत करा' एवढं सांगण्यासाठी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच झालाय, पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. बराच वेळ वाद. शेवटी ग्रंथपालबाई, ज्या सभेत कधी बोलत नाहीत, म्हणाल्या, "रजिस्टर मी बाहेर देत नाही." विषय संपला.

त्याचा तोटाही लिहिते. जुन्या सभासदांना जाहिरातीतून वगळता आलं नाही.

५ जुलै

नवी जाहिरात : बोट ठेवलं की सरळ व्हॉट्सअॅप उघडतं. फॉर्म नाही. वाचनालयासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं, त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस. (पहिल्या दिवशी ग्रंथपालबाईंचा घरचा नंबर दिला होता. रात्री ११:४० ला "किती?" असा मेसेज. बाईंच्या यजमानांनी मला सकाळी चहाला बोलावून समजावलं.)

जाहिराती दोन केल्या. एकीत माझी ओळ, 'आभाळ भरून आलंय, मन रिकामं का?', आणि कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. ही मी रात्र जागून लिहिली होती. दुसरीत वीस सेकंदांचा व्हिडिओ : ग्रंथपालबाईंचा हात, तारखेचा शिक्का, ठप्प, आणि त्यांचाच आवाज, "तीन पुस्तकं, पंधरा दिवस, तीस रुपये महिना. पिशवी शृंगारतळीला मिळेल."

पैसे दोन्हींत सारखे वाटले जात नाहीत. जिच्यावर सुरुवातीला जास्त बोटं पडतात, तिलाच फेसबुक जवळजवळ सगळे देतं. तिसऱ्या दिवशी माझ्या पागोळ्यांना दिवसाला सहा रुपये मिळत होते. बंद केली.

१२ जुलै

वीज दीड दिवस नाही. मोबाईल मृत, जाहिरात जिवंत. वीज आल्यावर १३ मेसेज, त्यातल्या सातांनी पुन्हा उत्तरच दिलं नाही. आता पावसाचा जोर दिसला की आधी जाहिरात थांबवते. वेळापत्रक लावता येतं, पण रोजचं बजेट ठेवलं तर ती सोय मिळत नाही, पूर्ण मुदतीचं एकरकमी बजेट ठेवावं लागतं. पुढच्या वेळी तसंच करायचं : सकाळी नऊ ते रात्री नऊ, सोमवारी बंद, कारण सोमवारी वाचनालयच बंद.

पहिला मेसेज आपोआप लिहिलेला असतो, 'मला अधिक माहिती हवी आहे'. लोक तो न वाचता पाठवतात आणि गप्प. बदलून केला : 'मला पिशवी हवी आहे. माझं गाव :' आणि पुढे रिकामं. गाव लिहिणारा माणूस सहसा पुढेही बोलतो.

१९ जुलै

चौदा दिवस, रोज १५०. ४७ जणांशी बोलणं झालं, १७ सभासद. खर्च २,४७८, माणशी १४६. आतापर्यंतचं सगळ्यात स्वस्त, आणि त्यात पिशवीचा वाटा जाहिरातीइतकाच आहे, असं मी गुरुजींना सांगितलं.

शेवटच्या चार दिवसांत मात्र कोणीच नवं नाही. चार टाचण्यांत माणसं किती असणार? तीच तीच माणसं, सरासरी सहापेक्षा जास्त वेळा तीच जाहिरात. बाजारात मासेवाली मावशी म्हणाली, "तुमच्या बाईंचो हात रोज बघतंय गो मी." मावशी मूळची मालवणची. तिने शेवंडासारखी महाग वस्तू सोडून वाचनालयाचा विषय काढला म्हणजे जाहिरात थांबवायची वेळ झाली.

आणि जुने सभासद. वगळता आले नाहीत म्हणून त्यांनाही हात दिसत राहिला. दोघांनी येऊन विचारलं, "वीस वर्षं सभासद आहे, मला कसली जाहिरात?" पण ज्यांची वर्गणी थकली होती असे १९ जण जून-जुलैत येऊन बाकी भरून गेले. हे कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. रजिस्टरात 'कुठून कळलं' हा रकाना नसता तर आम्हालाही दिसलं नसतं.

२८ जुलै

गणपतीआधी मुंबईकरांना आजीव सभासद करायचं गुरुजींच्या मनात. फी २,०००. भांडुप, डोंबिवली, नालासोपारा, लालबाग-परळ. १,००० रुपये अधिक जीएसटी. मला पटलेलं नव्हतं, तरी केलं.

६ ऑगस्ट

१२ नावं. नऊ जण म्हणाले, "गावी आलो की बघू." एकाने विचारलं गाव कुठलं, आणि निघाला देवगडचा. एका काकांनी मात्र लगेच भरले. पुढे म्हणाले, "माझ्या वडिलांच्या नावाचं कार्ड आहे का बघा अजून." आहे. १९६८चं. त्याचा फोटो पाठवला.

सभासद १. खर्च १,१८०.

आज पहिल्या फॉर्मच्या ९० दिवसांची मुदत संपत आली म्हणून फाईल शेवटची तपासली. ज्यांनी नको सांगितलं त्यांचे नंबर आमच्याकडून पुसून टाकले.

९ सप्टेंबर

गणपती गेले. पूर्ण हिशेब गुरुजींना दिला.

खर्च १०,२८८. नवे साधे सभासद ३१, आजीव १. माणशी ३२१. साध्या सभासदाची वर्षाची वर्गणी ३६०. थकलेले परतले १९, ते यात धरलेले नाहीत. ३१पैकी चौघांनी ऑगस्टची वर्गणी भरलेली नाही, त्यातले दोघे अभ्यासिकेचे, त्यांची परीक्षा झाली. माझा वेळ अंदाजे ७० तास, त्यातले निम्मे मे महिन्यातल्या चुका निस्तरण्यात. सुरुवातीच्या ३,८६० रुपयांत दोन सभासद, नंतरच्या ६,४२८ मध्ये तीस.

"गावी आलो की बघू" म्हणणाऱ्या नऊपैकी गणपतीत तिघे खरंच आले. दोघे नुसते बघून गेले. तिसरा चहा पिऊन, पंख्याला तेल घालून गेला.

शिल्लक १,७१२. ती दिवाळी अंकांच्या योजनेसाठी राखायचं ठरलं. हात जुना झाला, नवा व्हिडिओ लागेल. पिशवीसाठी पालशेतला दुकान बघायचंय. माझं ते पागोळ्यांचं वाक्य गुरुजींनी वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवलंय, फुकट.

पासवर्डची चिठ्ठी ग्रंथपालबाईंच्या कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, कोशांच्या मागे.